सर दोराबजी टाटा आणि अनवाणी धावणारे शेतकऱ्यांचे मुलगे

नागपूर शहराच्या पश्चिमेस अमरावतीच्या रस्त्यावर वाडी नावाचे गाव आहे. तेथे व आसपासच्या खेड्यांत पहाटे उठून धावणाऱ्या तरुणांची संख्या अलीकडे पुष्कळ वाढली आहे. त्यांपैकी बहुतेकांचे लक्ष पोलिसांच्या किंवा सैन्याच्या भरतीकडे असते. पोलीस भरतीत मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धावून दाखवावे लागते, म्हणून ज्याला जशी सवड मिळेल तसा तो एकटाच रस्त्याच्या कडेने धावतो. किती अंतर धावलो हे त्याला नीट ठाऊक नसते. किती वेळात धावलो हे त्याहूनही नसते. आणि मागून येणाऱ्या मालमोटारींचे भय असते ते निराळेच. कोठे कोठे अशा तरुणांनी एकत्र येऊन धावण्याचे क्लब काढले आहेत. आपल्या मंडळ्यांतील मुलांनी अशा क्लबात जावे की नाही, त्यात वेळेचा अपव्यय तर नाही ना, परधर्मीयांच्या संगतीने त्यांचे चित्त विचलित तर होणार नाही ना, असे प्रश्न वडील माणसे विचारीत असतात. प्रश्न रास्त आहेत. त्यांचा विचार करण्यास एका प्रसिद्ध गृहस्थाचे चरित्र फार उपयोगी पडेल असे वाटते. आणि त्याचा काही भाग नागपुरातच घडलेला असल्यामुळे ते आपल्या वाचकांस परके वाटणार नाही.

दोराबजी टाटा यांचा जन्म मुंबईस ता. २७ ऑगस्ट १८५९ रोजी झाला. प्रसिद्ध उद्योगपती जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे ते थोरले चिरंजीव. घराणे पारशी, आणि दोराबजी अखेरपर्यंत आपल्या पूर्वजांच्या धर्मातच राहिले. ते आपल्या विश्वासाचे नव्हते हे प्रथमच सांगून ठेवतो. परंतु शोमरोन्याने जखमी माणसाला उचलले तेव्हा प्रभूने त्याची जात विचारली नाही, त्याचे कृत्य दाखविले. त्याच न्यायाने आपणही या गृहस्थाचे कृत्य पाहू.

मुंबईतील शिक्षणानंतर १८७५ च्या सुमारास वडिलांनी त्यांस विलायतेस पाठविले. प्रथम केंट परगण्यात एका खाजगी शिक्षकाच्या हाताखाली, व १८७७ पासून केंब्रिज येथील गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात ते शिकले. तेथे दोन वर्षे होते. विद्येत त्यांनी फार मोठे नाव मिळविले असे नाही. पण क्रिकेट, फुटबॉल, नौका वल्हविणे, टेनिस, धावणे यांपैकी एकही खेळ त्यांनी सोडला नाही, आणि कॉलेजच्या संघात त्यांस मानाचे स्थान मिळाले. श्रीमंताच्या मुलाने परदेशी जाऊन खेळांत वेळ घालविला, असे कोणी म्हणेल. परंतु त्या मैदानावर ते जे शिकले ते चाळीस वर्षांनी पुण्याच्या एका धुळकट मैदानात उपयोगी पडले, आणि ज्यांच्या पायांत वहाणा नव्हत्या अशांच्या उपयोगी पडले.

१८७९ साली परत येऊन त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात अभ्यास पुरा केला व १८८२ साली पदवी घेतली. काही काळ त्यांनी वर्तमानपत्रात काम केले. त्याच वयात त्यांनी एक गोष्ट केली, तिच्याकडे चरित्रकार सहसा लक्ष देत नाहीत. मुंबईच्या निरनिराळ्या हायस्कुलांना एकत्र आणून खेळांची एक संस्था उभारण्यास त्यांनी हातभार लावला, व तिचे चिटणीसपद स्वतः पत्करले. प्रथम क्रिकेटसाठी, पुढे धावण्याच्या व उड्यांच्या शर्यतींसाठी. आपण स्वतः धावतो एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. दुसऱ्यांनी धावावे, आणि मोजून, नियमाने, एकमेकांबरोबर धावावे, ही ओढ त्यांस तरुणपणीच लागली होती.

यानंतर वडिलांनी त्यांस कापसाच्या व्यापारात घातले, प्रथम पाँडिचेरीस व मग नागपुरास पाठविले. नागपुरातील एम्प्रेस मिल ता. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती. ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी धारण केली, तोच तो दिवस, म्हणून गिरणीस हे नाव. ती गिरणी आता बंद पडली आहे; परंतु नागपुरातील कितीएक जुन्या कुटुंबांचे आजे-पणजे तिच्या साच्यांवर काम करीत होते. जमशेटजींची रीत अशी की मजूर वारंवार गैरहजर राहतात म्हणून त्यांस नुसता दंड करण्याऐवजी त्यांनी भविष्यनिर्वाहाचा निधी काढला, आणि वर्षातून खेळांचा व कुटुंबांच्या मेळाव्याचा दिवस ठरवून बक्षिसे वाटण्याची चाल पाडली. माणूस कामावर टिकावा तर त्याच्या शरीराचा व आनंदाचाही विचार केला पाहिजे, हे दोराबजींनी पुस्तकात वाचले नाही, नागपुरात पाहिले.

नागपुरासंबंधाने त्यांची आणखी एक गोष्ट आहे, ती थोडी सविस्तर सांगितल्यावाचून राहवत नाही. जमशेटजींच्या मनात या देशात लोखंड व पोलाद तयार करावे असे फार होते. त्यासाठी चांदा जिल्ह्यात, लोहारा गावाच्या बाजूस, लोखंडाच्या दगडाचा शोध चालला. अमेरिकेहून आलेले भूगर्भशास्त्रज्ञ वेल्ड, दोराबजी, व त्यांचे आतेभाऊ शापुरजी सकलातवाला हे उन्हातान्हात बैलगाड्यांतून जंगले तुडवीत हिंडले. वाघांचे भय होतेच. पाण्याची तर इतकी टंचाई की चहासुद्धा सोड्याच्या बाटल्यांतील पाण्यात करावा लागे. इतके करूनही दगड पुरेसा मिळेना. शेवटी शोध सोडून देतो असे सरकारी अधिकाऱ्यांस कळविण्यासाठी दोराबजी नागपुरास आले. ज्यांस भेटावयाचे ते जागेवर नव्हते. वेळ घालवावयाचा म्हणून ते समोरच्या पदार्थसंग्रहालयात शिरले. वाचकहो, हेच ते संग्रहालय, ज्याला नागपूरकर अजब बंगला म्हणतात. तेथे भिंतीवर मध्यप्रांताचा एक रंगीत भूस्तरदर्शक नकाशा टांगलेला होता. त्यात दुर्ग जिल्ह्याचा भाग लोखंडाचा म्हणून गडद रंगाने दाखविलेला त्यांच्या दृष्टीस पडला. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी केलेल्या पाहणीवरून तो नकाशा तयार झाला होता. त्या रंगाचा माग धरून दोराबजी व वेल्ड धल्ली-राजहराच्या टेकड्यांवर पोहोचले, आणि तेथे पायाखाली लोखंडच लोखंड होते. कारखाना पुढे दुसऱ्याच जागी झाला. परंतु आशा सुटली होती ती त्या नकाशाने परत आणली.

हे संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. नागपुरात स्कॉटिश मिशनचे काम सुरू करणारे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप, ज्यांचे नाव आजही हिस्लॉप कॉलेजास आहे, ते त्याच वर्षी सप्टेंबरात टाकळघाटाकडील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परत येत असता पुराच्या ओढ्यात बुडून मरण पावले. सुवार्ता सांगत खेडोपाडी फिरताना त्यांनी या प्रांतातील दगड, जीवाश्म व प्राचीन अवशेष यांचा अभ्यास केला होता. आणि ज्या भूमीवर आपण चालतो तिच्याकडे नीट पाहावे हा धडा त्यांनी नागपूरकरांस घालून दिला. नकाशा भिंतीवर सर्वांसाठीच होता. त्याच्याखालून किती माणसे गेली असतील! दोराबजी थांबले व त्यांनी पाहिले.

जमशेटजी १९०४ साली वारले. १९०२ साली त्यांनी आपल्या या मुलास पत्राने कळविले होते की पोलादाच्या कारखान्याभोवती जे गाव वसेल त्यात रस्ते रुंद असावेत, लवकर वाढणारी सावलीची झाडे लावावीत, बागांस व हिरवळीस भरपूर जागा असावी, फुटबॉल व हॉकीसाठी मोठी मैदाने राखून ठेवावीत, आणि हिंदूंची देवळे, मुसलमानांच्या मशिदी व ख्रिस्ती लोकांची उपासनामंदिरे यांसाठीही जागा नेमून ठेवावी. कारखाना कोठे होणार हे अजून ठरले नव्हते, आणि मैदान मात्र ठरले होते. १९०७ साली कंपनी स्थापन झाली, १९१२ साली पहिले पोलाद निघाले, आणि साकची या खेड्याच्या जागी पुढे जमशेदपूर शहर उभे राहिले. बंगळुराची विज्ञानसंस्था, लोणावळ्याच्या बाजूची पाण्यापासून वीज उत्पन्न करण्याची योजना, ही वडिलांनी मनात धरलेली इतर कामेही दोराबजींनी सिद्धीस नेली. १९१० साली सरकारने त्यांस सर ही पदवी दिली. या सर्वांविषयी इतरत्र पुष्कळ लिहिलेले आहे, म्हणून आपण पुण्याकडे वळू.

पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना नावाची संस्था निघाली. कुस्ती, क्रिकेट, धावणे अशा खेळांस एकत्र स्थान मिळावे हा तिचा हेतू. तिने सर दोराबजींस आपले अध्यक्ष निवडले. संस्थेचे चिटणीस स्वतः खेळाडू नव्हते. ते धावत नसत, कुस्ती खेळत नसत; पण दुसऱ्यांनी खेळावे याची त्यांस मोठी हौस होती. आपल्या उपदेशकांनी व शाळामास्तरांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आमचे वय झाले, आमचे गुडघे दुखतात, आम्ही धावण्याचा क्लब कसा चालवावा, असे म्हणण्यास मग जागा राहत नाही.

सर दोराबजी जिमखान्याच्या शर्यती पाहावयास गेले तेव्हा त्यांस काय दिसले? मैदान लहान. शंभर यार्डांची शर्यत सरळ रेषेत बसेना, म्हणून ती वळणावरून लावण्याचा बेत. आणि प्रत्येक धावणाऱ्याची वाट वेगळी दाखविणाऱ्या दोऱ्या किंवा रेषा मुळीच नाहीत. केंब्रिजचे मैदान पाहिलेल्या माणसाला हे पाहून हसू आले असते तर नवल नव्हते. धावणारे कोण? सगळी शेतकऱ्यांची मुले. शेतात राबणारी, कोरड्यासपाड्यास अन्नावर वाढलेली. नियम त्यांस ठाऊक नाहीत, शिकविणारा कोणी भेटलेला नाही. लांब पल्ल्याची जी शर्यत होती ती सुमारे पंचवीस मैलांची; तीत धावणारेही याच वर्गातले. खडीच्या टणक रस्त्यावरून ते अनवाणी धावत.

सर दोराबजी हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. १९१९ साली अशाच एका शर्यतींच्या प्रसंगी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड उपस्थित होते. त्या दिवशी त्या अनवाणी मुलांपैकी काहींनी ज्या वेळात अंतर तोडले, तो वेळ युरोपातील नामांकित धावणाऱ्यांच्या वेळेच्या जवळ जातो हे सर दोराबजींच्या लक्षात आले. ते त्यांच्या लक्षात आले, कारण ते स्वतः धावलेले होते व चांगला वेळ म्हणजे किती हे त्यांस ठाऊक होते. जमलेल्या सभ्य गृहस्थांपैकी इतर कोणास ते दिसले नाही. त्यांनी तेथल्या तेथेच गव्हर्नरसाहेबांपुढे सूचना मांडली की पुढील वर्षी बेल्जमातील अँटवर्प शहरी ऑलिंपिक सामने आहेत, तेथे यांपैकी काहींस पाठवावे. आपण खर्चाचा भार उचलू. गव्हर्नरांनी ती उचलून धरली. कमिटी नेमली गेली. बोटीचे भाडे व इतर खर्चाचा काही भाग सर दोराबजींनी दिला. बाकीचा वर्गणीने जमला.

तयारी चालली असता घडलेली एक गोष्ट सांगतात. शंभर मीटरच्या धावेस ऑलिंपिकमध्ये साधारण किती वेळ लागतो, असे जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदास विचारले असता, अर्ध्या मिनिटापासून एक मिनिटापर्यंत काहीही लागत असेल, असे उत्तर त्याने दिले. तेथे मिनिटांचा हिशेब नसून सेकंदांचा व सेकंदाच्या दहाव्या भागाचा आहे, असे सांगितल्यावर तो गृहस्थ थक्क झाला. हे वाचून हसावेसे वाटते. पण आपल्यापैकी कितीजणांस याहून अधिक ठाऊक आहे? वाडीच्या रस्त्यावर एकटा धावणारा मुलगा आपण फार वेगाने धावतो असे समजतो, किंवा आपल्याला कधीच जमणार नाही असे समजतो. दोन्ही समजुती अंधारातल्या. भरतीच्या दिवशी मैदानावर उभा राहीपर्यंत त्याला आपले माप कळत नाही, आणि त्या दिवशी कळून उपयोग होत नाही.

१९२० साली पहिला हिंदी चमू अँटवर्पला गेला. धावणाऱ्यांत बंगालचे पूर्मा बॅनर्जी, बेळगावकडील फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार व कैकाडी हे होते. कुस्तीसाठी नवले व शिंदे हे दोघे मल्ल होते. बेळगावचा मुलूख मराठी-कानडी असा मिश्र. तेथला हा तरुण ता. २२ ऑगस्ट १९२० रोजी बेचाळीस किलोमीटरांहून अधिक लांबीच्या मॅरेथॉन शर्यतीत उतरला. फिनलंडचे कोलेहमाइनेन पहिले आले. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. दातारांस शर्यत पुरी करता आली नाही. कुस्तीत शिंदे चौथे आले. पदक अगदी थोडक्यात हुकले. पदक कोणासच मिळाले नाही, आणि सर दोराबजींनीही जितकी आशा केली होती तितके झाले नाही हे मोकळेपणाने मान्य केले. तथापि जगभरातून आलेल्या धावणाऱ्यांत, थंड व पावसाळी हवेत, सर्वस्वी परक्या रस्त्यावर एकोणिसावा क्रमांक मिळविणे ही काय लहान गोष्ट आहे? पुण्याच्या त्या शर्यती नसत्या तर हे पाय शेताच्या बांधावरून धावले असते व तेथेच राहिले असते.

येथे आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. त्या मुलांच्या पायांत बळ जिमखान्याने घातले नाही. ते देवाने दिले होते, आणि शेताने वाढविले होते. जिमखान्याने दिले ते इतकेच: मोजलेले अंतर, घड्याळ धरणारा माणूस, बरोबर धावणारे सोबती, आणि पाहणारे लोक. तेही मोडकेतोडके दिले. मैदान अपुरे, नियम अर्धेकच्चे. पण ते दिले म्हणूनच पाहणाऱ्यास ते बळ दिसू शकले. एकटा धावणारा कितीही वेगवान असला तरी त्याच्याकडे कोणी घड्याळ धरून पाहत नाही. सोबत असली म्हणजे थकलेला थोडा पुढे जातो, उतावळा आवरला जातो, आणि एखाद्या पहाटे जो अंथरुणातून उठणारच नव्हता तो दारात हाक आली म्हणून उठतो. पायाला सूज आली असता थांबावे की धावावे, हे सांगणारा अनुभवी माणूसही तेथे भेटतो. आणि मालमोटारींच्या रस्त्यावरून दहाजण मिळून शाळेच्या मैदानात जाण्याचा ठराव करू शकतात; एकट्याला मैदान कोण उघडून देणार?

पौलाने करिंथ येथील मंडळीस पत्र लिहिताना शर्यतीचा दृष्टांत घेतला आहे, हे आपल्या उपदेशकांस ठाऊकच आहे. त्या शहराजवळ मोठे क्रीडामहोत्सव भरत असत. म्हणून त्याने ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढचे चित्र घेतले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातही धावणारा एकटा नाही, त्याच्याभोवती साक्षीदारांचा मोठा समुदाय आहे. तीमथ्याच्या पत्रावरून शरीराच्या कसरतीस विरोध करणारे काही बंधू आहेत. परंतु तेथे पौल सुभक्तीला कसरतीहून फार मोठे स्थान देतो, कसरत निरुपयोगी म्हणत नाही. वाडीतील एखादा मुलगा पहाटे धावून आला, स्नान करून शास्त्र वाचून कामाला गेला, तर कोणाचे काय बिघडले? उलट रात्री उशिरापर्यंत पानटपरीवर बसणाऱ्यास पहाटे उठवत नाही. ज्याला पहाटे उठावयाचे आहे त्याला रात्री घरी यावेच लागते. व्यसनांविरुद्ध आपण पुष्कळ व्याख्याने दिली आहेत. त्यांना ही जोड असू द्यावी.

रविवारचा प्रश्न मात्र खरा आहे. क्लबांचे मोठे धावणे पुष्कळदा रविवारी सकाळी असते, आणि तीच उपासनेची वेळ. याविषयी एक उदाहरण सर दोराबजींच्याच कामाच्या आसपास सापडते. १९२४ साली पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचा दुसरा चमू गेला. त्याच सामन्यांत स्कॉटलंडचे एरिक लिडल धावले. ते चीनमध्ये मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले, एडिंबरो विद्यापीठाच्या क्लबातून पुढे आलेले. शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी असल्यामुळे त्यांनी ती धाव सोडली. चारशे मीटरची धाव ते ४७.६ सेकंदांत जिंकले. पुढे ते मिशनरी होऊन चीनमध्ये गेले व १९४५ साली जपान्यांच्या कैदछावणीत मरण पावले. त्यांनी क्लब सोडला नाही. क्लबात राहून आपला रविवार राखला. आपल्या मुलांनी प्रथम दिवशीच क्लबाच्या चालकांस नम्रपणे सांगावे की रविवारी सकाळी आम्ही येणार नाही. असे स्पष्ट सांगणाऱ्याचा मान बहुधा राखला जातो.

परधर्मीयांच्या संगतीविषयी एवढेच सांगतो की या कामात ख्रिस्ती माणसे सुरुवातीपासूनच होती. अँटवर्पनंतर सर दोराबजींस कळून चुकले की एका शहरातील जिमखान्याने हे काम होणार नाही. प्रत्येक प्रांतात लोक जागे झाले पाहिजेत. त्यांस या कामी साहाय्य केले ते वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेतील शारीरिक शिक्षणाचे प्रमुख डॉक्टर नोरेन यांनी. त्याच संस्थेचे हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासेस शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले होते. १९२४ च्या चमूबरोबर तेच पॅरिसला गेले. १९२७ साली इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन झाली तेव्हा सर दोराबजी अध्यक्ष व डॉक्टर नोरेन चिटणीस झाले. पारशी, हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती एका मेजाभोवती बसून शर्यतींचे अंतर ठरवीत होते. आणि त्यात कोणाचा धर्म बुडाला असे ऐकिवात नाही.

सर दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई यांचा उल्लेख मुलींच्या आईबापांसाठी करतो. त्या टेनिस उत्तम खेळत, व नेहमी साडी नेसूनच खेळत. त्यांस बक्षिसेही पुष्कळ मिळाली. स्त्रियांचे शिक्षण, पडद्याची चाल, बालविवाहास बंदी अशा कामांत त्यांनी आयुष्य घालविले. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधाचा जो कायदा झाला त्याच्या बाजूने त्या झटल्या होत्या. मैदानावर गेल्याने मुलीची मर्यादा जाते असे मानणाऱ्यांनी त्यांचे चरित्र अवश्य पाहावे. १९२४ साली पोलादाच्या कारखान्यावर मोठे संकट आले, मजुरांस पगार देण्याची भ्रांत पडली, तेव्हा सर दोराबजींनी आपली सर्व खाजगी मालमत्ता बँकेकडे गहाण टाकली, आणि तीत मेहेरबाईंचा प्रसिद्ध हिराही होता. त्यातून एक कोट रुपयांचे कर्ज मिळाले व कारखाना वाचला.

मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांस मूलबाळ नव्हते. पुढील वर्षी सर दोराबजींनी आपली जवळजवळ सर्व मालमत्ता एका विश्वस्तनिधीस देऊन टाकली, आणि त्यात जात, धर्म किंवा देश यांचा भेद राहू नये असे ठरविले. नंतर पत्नीच्या कबरीच्या भेटीस ते युरोपात गेले. वाटेत जर्मनीतील बाड किसिंगन येथे ता. ३ जून १९३२ रोजी त्यांचा अंत झाला. इंग्लंडातील ब्रुकवुड येथील स्मशानभूमीत पत्नीशेजारी त्यांस ठेवले आहे.

त्या निधीतून मुंबईस कर्करोगाचे इस्पितळ १९४१ साली उघडले. आजही आपल्या खेड्यांतील कितीतरी रोगी तेथे जातात. समाजसेवेचे शिक्षण देणारी एक शाळा १९३६ साली सर दोराबजींच्या नावाने निघाली. तिचे पहिले संचालक म्हणून विश्वस्तांनी निवडले ते अमेरिकन मराठी मिशनचे डॉक्टर क्लिफर्ड मॅन्शर्ट. नागपाड्याच्या गिरणकामगारांच्या वस्तीत ते त्यापूर्वी जवळजवळ दहा वर्षे एक शेजारघर चालवीत होते, आणि त्या गजबजलेल्या वस्तीतील मुलांस खेळावयास जागा मिळवून देणे हा त्या कामाचा एक भाग होता.